करुणेची अक्षरे

दया, करुणा, अनुकंपा हे शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, त्यांचा अर्थ काय असा प्रश्नही मनात उभा राहत नाही. देवास आपण करुणासागर म्हणतो, कीर्तनकारांच्या मुखातून भूतदयेचा महिमा ऐकतो, आणि देवळाबाहेर येऊन चपला शोधू लागतो. पुष्कळ हातांतून फिरलेल्या नाण्यावरील छाप पुसट व्हावा तशी ह्या शब्दांची स्थिती झाली आहे. पुजाऱ्याच्या घरात वाढलेल्यास तर ह्याचा अनुभव विशेषच. जे शब्द दिवसातून दहा वेळा जिभेवर येतात ते मनापर्यंत क्वचितच उतरतात. अशा वेळी तोच अर्थ दुसऱ्या एखाद्या समाजाने कसा पाहिला व कसा लिहिला, हे ध्यानी घेतले असता पुसट छाप पुन्हा उठून दिसू लागतो.

प्रस्तुत लेखात चिनी लिपीतील काही अक्षरांच्या आधाराने एका जुन्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. करुणा ही मनाची भावना आहे की हाताची कृती? परक्याचे दुःख पाहून ज्याचे डोळे पाणावतात तो दयाळू, की ज्याचे डोळे कोरडे राहतात पण ज्याच्या हातून ते दुःख दूर होते तो दयाळू? ह्या प्रश्नाची खरी कसोटी वैद्याच्या ठिकाणी लागते. कारण दुःखाशी त्याची गाठ रोजचीच, आणि केवळ हळहळून त्याचे भागत नाही.

चिनी लिपी देवनागरीसारखी ध्वनींची लिपी नव्हे. तिच्यातील प्रत्येक अक्षर म्हणजे एक शब्द अथवा शब्दाचा अर्थपूर्ण अंश असतो, आणि बहुतेक अक्षरे दोन-तीन लहान अवयव जोडून बनलेली असतात. त्यांपैकी एक अवयव अर्थाची दिशा दाखवितो व दुसरा बहुधा उच्चार सुचवितो. इ. स. १०० च्या सुमारास श्यू शेन ह्या विद्वानाने ९,३५३ अक्षरांची अशी फोड करून मोठा कोश रचला. आपल्याकडे यास्काचार्यांनी निरुक्तात शब्दांच्या बाबतीत जे केले त्याच जातीचे हे काम. आता शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे सिद्धान्ताचा पुरावा नव्हे, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. अक्षराचा वरचा भाग पुष्कळदा केवळ उच्चारासाठी आलेला असतो, आणि त्यातून गूढ अर्थ काढणे हा मागाहून आलेल्यांचा छंद असतो. तथापि चिंतनासाठी अशी फोड उपयोगी पडते. ज्या लोकांनी ही अक्षरे दोन हजारांहून अधिक वर्षे लिहिली त्यांनी त्यांच्याकडे पाहून विचारही केला, आणि तो विचार आपल्याही कामाचा आहे.

ह्या लिपीत हृदयासाठी 'शिन्' नावाचे अक्षर आहे. एक वळणदार रेघ व भोवती तीन टिंबे, एवढेच त्याचे रूप. मनाच्या व्यापारांशी संबंध असलेल्या शेकडो अक्षरांत हे हृदय कोठे ना कोठे बसलेले आढळते. त्यातील एक जोडी फार बोलकी आहे. 'हृदय' आणि 'नाश' हे दोन अवयव शेजारी शेजारी लिहिले की 'कामात गढलेला' असा अर्थ होतो, आणि नाश वर व हृदय खाली लिहिले की 'विसरणे' असा अर्थ होतो. येथेही 'नाश' हा अवयव उच्चार दाखविण्यासाठीच आलेला आहे. परंतु घाईत असणारा मनुष्य आणि विसरणारा मनुष्य एकाच सामग्रीचे बनलेले असतात, ही गोष्ट कोण नाकारील? शेजारच्या आजाऱ्याची विचारपूस आपण करीत नाही ती दुष्टपणामुळे नव्हे. आपण घाईत असतो म्हणून, आणि मग विसरतो म्हणून.

कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीत जो सर्वश्रेष्ठ सद्गुण मानला आहे त्यास 'रेन्' म्हणतात. माणुसकी, सहृदयता, परोपकार अशा अनेक शब्दांनी त्याचा अनुवाद होतो. त्याच्या अक्षरात डावीकडे 'मनुष्य' हा अवयव आणि उजवीकडे 'दोन' ह्या अंकाच्या दोन आडव्या रेघा आहेत. गुहेत एकटा बसलेला मनुष्य शांत असू शकेल, ज्ञानी असू शकेल. परंतु माणुसकीस दुसरा मनुष्य समोर असावा लागतो, असा बोध ह्या अक्षरातून चिनी पंडितांनी घेतला. त्याच परंपरेतील मेन्शियस ह्या तत्त्वज्ञाने ह्याचे सोपे उदाहरण दिले आहे. एखादे लहान मूल विहिरीत पडण्याच्या बेतात आहे असे अकस्मात दृष्टीस पडले तर पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते. मुलाच्या आईबापांशी ओळख व्हावी, गावात नाव व्हावे, असा कोणताही हिशेब त्या क्षणी मनात नसतो. ह्या कळवळ्यास मेन्शियस माणुसकीचा 'अंकुर' म्हणतो. त्याने वृक्ष म्हटले नाही, अंकुर म्हटले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ह्या शब्दाचा एक उपयोग चीनच्या वैद्यकात होतो व तो फारच मार्मिक आहे. हात अथवा पाय बधिर होऊन त्यास संवेदना राहिली नाही, तर जुने वैद्यकग्रंथ त्या अवयवास 'रेन् नसलेला' असे म्हणतात. अकराव्या शतकातील चंग हाओ ह्या तत्त्वज्ञाने ह्याच प्रयोगाकडे बोट दाखवून म्हटले की, माणुसकीचे याहून चांगले वर्णन नाही. बधिर झालेला हात आपलाच असतो, परंतु त्यास टोचले तरी आपणास कळत नाही. त्याचप्रमाणे जग आपलेच अंग आहे. त्याच्या वेदना ज्यास कळत नाहीत तो मनुष्य बधिर झाला, असे समजावे. सर्वांभूती एकच आत्मा नांदतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु त्या तत्त्वाची परीक्षा एका टोचणीने होते, हे ह्या वैद्यकी शब्दाने जितके झटकन पटते तितके मोठ्या प्रवचनानेही पटत नाही.

भारत आणि चीन ह्यांच्यामध्ये ह्याच विषयावर पूर्वी मोठी देवघेव झालेली आहे. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेताना 'मैत्री' ह्या शब्दासाठी एक अक्षर व 'करुणा' ह्या शब्दासाठी दुसरे अक्षर योजण्यात आले, आणि त्या दोहोंचा मिळून जो जोडशब्द झाला तो आजही चिनी बोलण्यात दयाळूपणासाठी रूढ आहे. दोन्ही अक्षरांच्या तळाशी हृदय आहे. करुणेसाठी निवडलेल्या अक्षराचा मूळ अर्थ तर 'शोक' असा आहे. इ. स. ४०१ मध्ये छांगआन नगरीत पोहोचलेल्या कुमारजीवाच्या भाषांतरात अवलोकितेश्वराचे जे नाव आले त्याचा अर्थ 'जगाची हाक जाणणारा' असा होतो. पुढे ह्युएनत्संगाने हे भाषांतर सदोष ठरवून व्याकरणशुद्ध नाव सुचविले. परंतु लोकांनी 'हाक जाणणारा' हेच नाव धरून ठेवले. संकटात सापडलेल्यास शुद्ध व्याकरणापेक्षा आपली हाक ऐकणारा कोणी आहे, एवढा दिलासा अधिक मोलाचा वाटला असावा. अष्टमहाभयांपासून भक्तांस सोडविणारा हाच अवलोकितेश्वर औरंगाबादच्या लेण्यांत कोरलेला आजही पाहावयास मिळतो.

हाच ह्युएनत्संग सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या राजवटीत, महाराष्ट्रात येऊन गेला. येथील लोकांविषयी त्याने जे लिहून ठेवले त्यात त्यांच्या मानीपणाचे व सूड घेण्याच्या वृत्तीचे वर्णन आहे, आणि त्याबरोबरच असेही आहे की, संकटात सापडलेल्याने मदत मागितली तर हे लोक स्वतःस विसरून धावून जातात. तेराशे वर्षांपूर्वी एका परक्या यात्रेकरूने आपल्या पूर्वजांस दिलेले हे प्रशस्तिपत्र आहे. ते आज आपणास लागू पडते काय, ह्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्याशीच द्यावे.

ह्युएनत्संगाच्याच काळी चीनमध्ये सुन सिम्याओ नावाचा थोर वैद्य होऊन गेला. इ. स. ६८२ मध्ये तो वारला. मनुष्याचा जीव सहस्र सुवर्णमुद्रांहून मोलाचा, म्हणून त्याने आपल्या ग्रंथाच्या नावातच सहस्र सुवर्णाचा उल्लेख केला. ग्रंथाच्या आरंभी थोर वैद्य कसा असावा ह्याविषयी एक प्रकरण आहे. वैद्याने प्रथम चित्त स्थिर करावे, लोभ सोडावा, आणि सर्व जीवांचे दुःख निवारण्याची प्रतिज्ञा करून मगच रोग्याकडे वळावे, असे तो सांगतो. रोगी श्रीमंत की दरिद्री, वृद्ध की बालक, मित्र की वैरी, स्वदेशीय की परकीय, हा भेद त्याने करू नये. रात्र, थंडी, भूक, थकवा ह्यांची सबब सांगू नये. किळसवाणे व्रण पाहून नाक मुरडू नये. रोग्याच्या घरी गेल्यावर तेथील पक्वान्ने व गाणे-बजावणे ह्यांत रमू नये. चरकसंहितेतील उपदेश ह्याच्या शेजारी ठेवून पाहावा. चरकाने वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे : सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, ज्याचा रोग बरा होण्याजोगा आहे त्याच्या उपचाराविषयी उत्साह, आणि जो मरणाच्या वाटेस लागला त्याच्याविषयी उपेक्षा, म्हणजे तटस्थपणा. दोन्ही देशांतील ह्या थोर वैद्यांनी करुणेस मान दिला. परंतु एकाने तिच्याआधी चित्ताचे स्थैर्य सांगितले व दुसऱ्याने तिच्याबरोबर तटस्थता सांगितली. असे का?

येथेच आपला मूळ प्रश्न धार धरतो. वैद्य ह्या अर्थाचे जुने चिनी अक्षर 'यी' असे आहे. त्यात बाणाचा अवयव आहे, शस्त्र धरलेला हात आहे, आणि खाली मद्याचा कुंभ आहे. त्या काळी औषध मद्यातून देत. शस्त्र आहे, औषध आहे, हृदय मात्र नाही. मग वैद्यास हृदय नसले तरी चालते काय? ज्याचे हृदय फार द्रवते त्याचा हात थरथरतो, ही गोष्ट खोटी नाही. शल्यवैद्य आपल्या पोटच्या मुलावर शस्त्रक्रिया करण्याचे सहसा टाळतो. मूल रडते म्हणून गळू न फोडणारी आई प्रेमळ खरी, परंतु तिचे प्रेम त्या क्षणी मुलाच्या उपयोगी पडत नाही.

ह्या कोड्यावर प्रकाश टाकणारे आणखी एक अक्षर आहे. त्याचाही उच्चार 'रेन्' असाच, केवळ स्वर निराळा. त्यात खाली हृदय आहे आणि हृदयाच्या वर शस्त्राचे पाते आहे. अर्थ 'सोसणे'. चमत्कार असा की, ह्याच अक्षरापासून 'निर्दय' ह्या अर्थाचाही शब्द बनतो. जो स्वतःचे दुःख सोसतो तो धीराचा. जो दुसऱ्याचे दुःख सुखाने सोसतो तो क्रूर. सोसणे हा एकच व्यापार, पण कोणाचे दुःख सोसले जात आहे ह्यावर त्याचे पुण्य अथवा पाप ठरते. मेन्शियसने करुणेस 'न सोसवणारे हृदय' असे नाव दिले, ते ह्याच अक्षराच्या आधारे.

आता शल्यवैद्याकडे पाहा. दुसऱ्याची वेदना त्यास सोसवत नाही म्हणूनच तो ह्या मार्गास आला. परंतु ती वेदना दूर करण्यासाठी, रोग्याच्या देहावर शस्त्र चालविताना होणारे स्वतःच्या मनाचे क्लेश त्यास सोसावे लागतात. पाते रोग्याच्या अंगावर चालते आणि त्याच वेळी वैद्याच्या हृदयावरही टेकलेले असते. ते हृदयावर नसेल तर तो खाटिक झाला. आणि हृदयावर आहे म्हणून हातातून गळून पडले तर तो निरुपयोगी झाला. चित्त स्थिर करण्याचा सुन सिम्याओचा उपदेश आणि चरकाची तटस्थता ह्यांचे प्रयोजन हेच. ही तटस्थता बधिरपणाहून सर्वस्वी भिन्न आहे. बधिर हातास टोचलेले कळत नाही. स्थिर हातास कळते, आणि तरी तो हलत नाही.

ह्या विचारास देह लाभलेला पाहावयाचा असेल तर आपणास दूर जावयास नको. डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरास झाला. मुंबईस वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते बाहेर पडले तेव्हा चीनवर जपानचे आक्रमण चालू होते. सेनापती च्यू तेह ह्यांनी जवाहरलाल नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ साली सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. प्रयागचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, आणि कलकत्त्याचे बसू व मुखर्जी. पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी 'ह्वा' हे अक्षर जोडले. त्याचा अर्थ चीन. कोटणीसांचे नाव 'क तीह्वा' असे झाले.

नाव घेणे सोपे असते. कोटणीसांनी त्यापुढे जाऊन भाषा घेतली. जखमी सैनिकाची तक्रार दुभाष्याच्या तोंडून न ऐकता त्याच्याच शब्दांत ऐकू यावी एवढे चिनी बोलणे ते शिकले, लिहू-वाचू लागले, चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शल्यशास्त्र शिकवू लागले, आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहावयासही त्यांनी घेतले. १९३९ च्या नोव्हेंबरात नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यवैद्य शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन वारले होते. त्यांच्या नावाने चालविलेल्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणीसांकडे आले. त्याच वर्षी त्यांनी क्वो छिंगलान ह्या परिचारिकेशी विवाह केला. १९४२ साली मुलगा झाला, त्याचे नाव 'यिन्ह्वा', म्हणजे भारत-चीन, असे ठेविले. आणि त्याच वर्षी ९ डिसेंबर रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी चीनमध्ये शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले, तरी त्या समाधीचा मान कमी झाला नाही.

ह्या चरित्रात एक प्रसंग असा आहे की ज्याविषयी सुज्ञ वाचकांत मतभेद होईल. कोटणीस चीनमध्ये असताना सोलापुरास त्यांचे वडील वारले. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला, परंतु ते परतले नाहीत. आपल्या शास्त्रांप्रमाणे पाहता पुत्राचे पहिले कर्तव्य कोणते? घरचे माणूस शोकात असता परक्यांच्या जखमा बांधीत बसणे ही करुणा की कर्तव्यच्युती? जवळच्यास टाकून दूरच्यावर दया करणारे पुष्कळ असतात. दूरची दया सोपी असते, कारण ती रोज तोंडासमोर येत नाही. परंतु कोटणीसांची दया दूरची राहिली नव्हती. ज्यांच्यासाठी ते थांबले ते त्यांच्या डोळ्यांसमोर विव्हळत होते आणि दुसरा शल्यवैद्य मिळणे दुर्घट होते. मृत पित्यास ते वाचवू शकत नव्हते. समोरच्या जखमींस वाचवू शकत होते. मला तरी त्यांचा निर्णय योग्य वाटतो. मात्र त्याचे मोल सोलापुरातील त्या घरानेही दिले, हे विसरता कामा नये. हृदयावर पाते ठेवून सोसण्याचे ते अक्षर जितके चीनमधील पुत्रास लागू पडते तितकेच येथे राहिलेल्या मातेस व भावंडांसही लागू पडते. थोरांची चरित्रे वाचताना त्यांच्यामागे उभे असलेले हे मुके सोसणे आपल्या नजरेतून नेहमी निसटते.

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नास उत्तर काय? भावना हा अंकुर आहे, कृती हे फळ आहे, आणि दोहोंच्या मध्ये वाढविण्याचे मोठे कष्ट आहेत. ते कष्ट म्हणजे शिकणे व सोसणे. केवळ पाणावलेले डोळे म्हणजे पाणी न मिळालेला अंकुर. तो दुपारपर्यंत करपतो. कोरडे कौशल्य म्हणजे बधिर हात. कोटणीसांना कळवळा आला तो १९३८ साली. परंतु त्या कळवळ्याची करुणा झाली ती शस्त्रविद्येने, परक्या भाषेच्या अभ्यासाने, आणि चार वर्षांच्या हालअपेष्टांनी.

एक गोष्ट सांगून पुरे करतो. 'प्रेम' ह्या अर्थाच्या चिनी अक्षराच्या मध्यभागी पूर्वी हृदय लिहीत. १९५६ साली चीन सरकारने लिपी सोपी केली तेव्हा त्या अक्षरातून हृदय गळाले, आणि खाली 'मित्र' ह्या अर्थाचा अवयव राहिला. तैवान व हाँगकाँग येथे अजून जुने, हृदयासह असलेले अक्षर लिहितात. म्हणून काय एका बाजूच्या माता आपल्या लेकरांवर कमी प्रेम करतात? अक्षरातून हृदय गेल्याने मनुष्यातून जात नाही. परंतु ह्याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. अक्षरात हृदय राहिले म्हणून ते मनुष्यात राहतेच असे नाही. आपल्या स्तोत्रांत करुणा शब्द शाबूत आहे. आपल्यात ती शाबूत आहे की नाही, हे स्तोत्र सांगू शकत नाही.

आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लोक. आपल्या मंदिराच्या भोवती ज्यांची घरे आहेत त्यांतील पुष्कळांची भाषा आपली नव्हे. आपली भाषा जतन करणे हे आपले कर्तव्यच आहे व ते आपण करीत आहो. परंतु शेजाऱ्याच्या भाषेत त्याचे दुखणे विचारता येणे, त्याच्या घरातील म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द बोलता येणे, हेही देवपूजेचेच अंग मानावे. ज्या तरुणांस शक्य आहे त्यांनी जखम बांधण्याचे, रोग्याची शुश्रूषा करण्याचे शिक्षण घ्यावे. ज्यांस ते शक्य नाही त्यांनी आठवड्यातून एकदा तरी एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी घटकाभर बसावे, आणि बसताना घड्याळाकडे पाहू नये. आरतीनंतर प्रसाद हाती घेतला की तो ज्याला देवळापर्यंत येता येत नाही त्याच्या घरी नेऊन द्यावा. दोन रेघांच्या शेजारी मनुष्य उभा राहिला की त्या अक्षरास माणुसकी म्हणतात. आपण त्या दुसऱ्या मनुष्याच्या दारापर्यंत जावे, एवढेच मागणे आहे.